काचेची ढाल

आठवी ‘ब’, १९८४-८५. मराठीच्या बाईंनी ‘मी पाहिलेला चित्रपट’ हा निबंध घातला होता. अर्ध्या वर्गाने ‘शोले’ लिहिला, कारण तो पाठ होता. हुशार मुलींनी ‘श्यामची आई’ लिहिला, कारण त्याला गुण मिळणार हे त्यांना ठाऊक होते. मी काय लिहिले ते आता आठवत नाही. एकाने मात्र ‘कॅप्टन अमेरिका’ लिहिला.

त्याचे हजेरीपटावरचे नाव इथे देत नाही. आपण सगळे त्याला ज्या नावाने हाक मारतो, आणि अजूनही आपल्या ग्रुपवर ज्या नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, ते नाव त्याच तासाला पडले. काच्या.

झाले असे. बाईंनी त्याला उभे करून निबंध वाचायला सांगितला. त्याचा मामा कुवेतला नोकरीला होता. दिवाळीच्या सुट्टीत मामा मुंबईला आला तेव्हा व्हीसीआर आणि हाताने नावे लिहिलेल्या कॅसेटींची पिशवी घेऊन आला, आणि त्यातला हा एक सिनेमा. निबंधातला हिरो डोक्याला निळे हेल्मेट घालायचा, गाडीच्या पोटातून मोटरसायकल बाहेर काढायचा आणि त्याच्या हातात ‘काचेसारखी आरपार दिसणारी’ ढाल असायची. ती ढाल मोटरसायकलच्या पुढच्या बाजूला बसवता यायची.

मी हात वर केला. माझ्याकडे रद्दीवाल्याकडून आठ आण्याला घेतलेले कॅप्टन अमेरिकेचे एक फाटके इंग्रजी कॉमिक होते. इंग्रजी वाचता येत नव्हते, पण चित्रे पाठ होती. “बाई, हा थापा मारतोय. ढाल लोखंडाची असते. माझ्याकडे पुस्तक आहे.” दुसऱ्या दिवशी मी पुस्तक आणले. ते वर्गभर फिरले. ढाल धातूची, गोल, रंगवलेली, आणि तिच्यातून काहीएक दिसत नव्हते. बाईंनी पुस्तक पाहिले, माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि वहीत लाल शाईने शेरा मारला. त्यात बाईंचा काही दोष नव्हता. पुरावा समोर होता आणि तो मी आणला होता.

बाकीचे तुम्हांला माहीत आहे. दहावीचे वर्ष संपले आणि ‘मिस्टर इंडिया’ आला. त्यात अदृश्य माणूस लाल काचेतून दिसायचा. तेव्हासुद्धा कोणीतरी म्हणालेच, “काच्या, तुझा पिक्चर लागलाय.”

गेल्या वर्षी माझी मुलगी अमेरिकेहून येताना एक डीव्हीडी घेऊन आली. तिला ही गोष्ट मी कधीतरी सांगितली होती. २०११ साली शाउट फॅक्टरी या कंपनीने काढलेल्या त्या डिस्कवर दोन सिनेमे आहेत. दोन्ही १९७९चे, दोन्ही कॅप्टन अमेरिकेचे, आणि दोन्ही थिएटरसाठी नव्हे तर टीव्हीसाठी बनवलेले. ते पाहिले, मग त्यांचे भाऊबंद शोधून पाहिले, आणि त्यांच्यामागचा इतिहास वाचत बसलो. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा संपादक मंडळाला वाटले असेल की मी स्नेहसंमेलनातल्या नाटकांवर लिहीन. क्षमस्व.

आधी हे टीव्हीसाठीचे सिनेमे काय प्रकार होता ते सांगतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत तीन मोठी नेटवर्क होती, एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. नवी मालिका काढायची तर आधी नमुन्याचा भाग बनवायचा, त्याला पायलट म्हणतात. हा नमुना दोन तासांची टेलिफिल्म म्हणून बनवायची चाल तेव्हा पडली होती. त्यात जाहिराती वजा जाता दीड तासाच्या आसपास सिनेमा उरायचा. लोकांना आवडला तर मालिका सुरू. नाही आवडला तरी एका रात्रीचा कार्यक्रम निघाला आणि बाहेरदेशी विकायला एक सिनेमा हाती राहिला. लग्न मोडले तरी आहेर घरातच, असा व्यवहार. ‘वंडर वुमन’ची पहिली टेलिफिल्म १९७४ साली आली ती अशीच. त्यात कॉमिकमधला पोशाखसुद्धा नव्हता आणि ती पडली. पुढच्या वर्षी लिंडा कार्टरला घेऊन, कॉमिकच्या जवळ जाणारा दुसरा नमुना केला आणि तो चालला.

त्यानंतर युनिव्हर्सल कंपनीच्या टीव्ही विभागाचे प्रमुख फ्रँक प्राइस यांनी मार्व्हल कॉमिक्सच्या काही पात्रांचे हक्क घेतले. आज मार्व्हल म्हटले की आपल्या नातवंडांना शेकडो कोटींचे सिनेमे आठवतात. तेव्हा ते पुस्तकांच्या स्टॉलवरचे नाव होते. आपल्याकडे तर फारसे तेही नव्हते. आपला हिरो म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. त्याच्याकडे उडायची शक्ती नव्हती, कवटीची अंगठी होती, आणि तेवढ्यावर आपले भागत होते.

स्पायडरमॅनचे हक्क दुसऱ्या निर्मात्याकडे होते. त्याची टेलिफिल्म १४ सप्टेंबर १९७७ रोजी सीबीएसवर दाखवली. पीटर पार्कर झाला होता निकोलस हॅमंड, ‘साउंड ऑफ म्युझिक’मधल्या सात मुलांतला मोठा मुलगा फ्रीड्रिख. गोष्ट अशी की एक ढोंगी गुरू लोकांच्या मनावर ताबा मिळवून त्यांच्याकडून दरोडे घालून घेतो. कॉमिकमधले रंगीबेरंगी खलनायक नाहीत. जाळे म्हणजे सरळ सरळ दोरी. भिंतीवर चढणारा माणूस मात्र खरा आहे. फ्रेड वॉ नावाचा स्टंटमॅन वरून सोडलेल्या तारेच्या आधाराने उंच इमारतींवर खरोखर चढला होता. त्याचे हातपाय भिंतीवर जरा अडखळत पडतात, मधेच तो लोंबकळतो, आणि तेवढ्यासाठी माझ्या छातीत धस्स झाले. संगणकावरच्या स्पायडरमॅनला पाहून असे कधी होत नाही, कारण तो पडणार नाही हे पोटाला माहीत असते. ही टेलिफिल्म अमेरिकेबाहेर थिएटरांत लावली गेली. मालिकेचे भाग जोडून आणखी दोन सिनेमे बनवले आणि तेही बाहेर लावले. मालिका १९७९ साली बंद पडली. घरात बसून पाहायची म्हटली तर अवघड, कारण तिची अधिकृत डीव्हीडी निघालीच नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरच ती टिकून आहे.

‘हल्क’ची गोष्ट वेगळी, आणि तिच्याशी आपला संबंध आहे. नववीतल्या गणपतीतली ती रात्र आठवते का? माणशी वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणल्या होत्या. तीन हिंदी, आणि चौथी दुकानदाराने ‘बघा, इंग्लिश आहे’ म्हणून वरून दिलेली. ती लावली तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. जागे होतो आम्ही चार-पाच जण, बाकीचे सतरंजीवर आडवे. त्या कॅसेटमध्ये एक माणूस पावसात गाडीचे चाक बदलत असतो, पाना सटकतो, हाताला लागते, तो चिडतो आणि त्याचे डोळे पांढरे होतात. ज्याचे आज स्वतःचे गॅरेज आहे तो आपला मित्र तेव्हाच म्हणाला होता, “जॅक नीट लावला असता तर हे झालंच नसतं.”

तीच ‘द इन्क्रेडिबल हल्क’, ४ नोव्हेंबर १९७७ची टेलिफिल्म. लेखक आणि दिग्दर्शक केनेथ जॉन्सन. जॉन्सन यांना कॉमिकचे फारसे प्रेम नव्हते. त्या सुमारास ते व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ वाचत होते, आणि हल्कमध्ये त्यांना तीच गोष्ट दिसली. एका अपराधाच्या सावलीखाली गावोगाव फिरणारा माणूस, आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेला दुसरा. ह्यूगोकडे तो पोलीस अधिकारी आहे, इथे मॅगी नावाचा वार्ताहर. कॉमिकमधला ब्रूस बॅनर त्यांनी डेव्हिड बॅनर केला. बिल बिक्सबीने त्याला शांत, थकलेला, सभ्य माणूस केला आहे. मोटार अपघातात बायको अडकते, आणि याला गाडी उचलता येत नाही. पुढे तो शोधतो की संकटात काही लोकांच्या अंगात एवढे बळ कुठून येते. म्हणजे हल्कच्या मुळाशी राग नाही, आपल्याला जमले नाही याची खंत आहे. नववीत हे आम्हांला कुठले कळायला! आम्ही हिरव्या माणसाची वाट पाहत बसलो होतो, आणि तो दर वेळी दोन मिनिटांसाठी यायचा.

हिरवा माणूस आधी दुसराच होता. जेम्स बाँडच्या त्याच वर्षीच्या सिनेमात पोलादी दातांचा राक्षस झालेला रिचर्ड कील याला घेऊन चित्रीकरण सुरू झाले होते. तो उंच होता पण भरलेला नव्हता, म्हणून त्याला बदलून शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नोला आणले. एका दृश्यात कील तसाच राहून गेला आहे. फेरिग्नोला लहानपणापासून ऐकू फार कमी येते. त्याला या भूमिकेत बोलायचे नव्हतेच, नुसते पाहायचे होते, आणि तो पाहतो तेव्हा खरोखर केविलवाणा दिसतो. शेवटी प्रयोगशाळेला आग लागते, सहकारी बाई मरते, दोष हल्कवर येतो, बॅनर जगाच्या लेखी मेलेला ठरतो आणि रस्त्याने चालू लागतो. मागे जो हार्नेल यांचे पियानोचे संगीत. मालिका १९८२पर्यंत चालली आणि तो पियानो तिच्याबरोबर चालत राहिला.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली होती. दर दहा-बारा मिनिटांनी पडदा काळा व्हायचा. पात्र दचकून दाराकडे पाहणार, संगीत चढणार, आणि अंधार. आम्ही समजलो हेड खराब झाले. मग एकाने व्हीसीआरचे झाकण काढले, कोरी नोट मागितली (ती माझी होती, दोन रुपयांची) आणि सगळ्यांना जमते तसे हेड पुसले. पडदा पुन्हा काळा झाला. पुन्हा पुसले. असे तीन-चार वेळा झाल्यावर टेपच चावली गेली आणि शेवट पाहायचा राहिला.

आता डिस्कवर पाहिले. पडदा तिथेही काळा होतो, त्याच ठिकाणी. हेडचा काही संबंध नव्हता. त्या जागा जाहिरातींच्या होत्या. लिहिणाऱ्याला हिशोबच असा दिलेला असायचा की दर काही मिनिटांनी छोटा तणाव उभा करायचा, म्हणजे साबणाची जाहिरात संपेपर्यंत माणूस उठून दुसरे चॅनेल लावणार नाही. जाहिराती गेल्या, पण त्यांचे खड्डे राहिले. टीव्हीसाठीचा सिनेमा ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे. कॅसेट, डिस्क काहीही असो, तो श्वास घेतल्यासारखा थांबतो.

‘डॉक्टर स्ट्रेंज’ ६ सप्टेंबर १९७८ला आला. जादूगार डॉक्टर, त्याचा म्हातारा गुरू, आणि त्याला मोहात पाडू पाहणारी चेटकीण. दिग्दर्शक फिलिप डीगेअर यांनी मन लावून काम केले आहे, पण त्याच रात्री दुसऱ्या नेटवर्कवर ‘रूट्स’चे पुनःप्रक्षेपण होते. गुलामगिरीवरची ती मालिका अख्ख्या अमेरिकेने पाहिलेली होती आणि पुन्हा पाहायला बसली. स्ट्रेंजची मालिका झाली नाही. त्याची डीव्हीडी २०१६ साली आली, मोठ्या पडद्यावरचा नवा ‘डॉक्टर स्ट्रेंज’ आला त्याच हंगामात. जुने सिनेमे असे नव्यांच्या वरातीत मागून चालतात.

आता कॅप्टन अमेरिका. तारीख १९ जानेवारी १९७९. बरोबर पाच आठवडे आधी, १५ डिसेंबर १९७८ला, ख्रिस्तोफर रीव्हचा ‘सुपरमॅन’ अमेरिकेत थिएटरांत लागला होता. माणूस उडू शकतो यावर त्या सिनेमाने जगाचा विश्वास बसवला, आणि त्यावर पाण्यासारखा पैसा खर्च झाला होता. पाच आठवड्यांनी रेब ब्राउन हा धिप्पाड, सोनेरी केसांचा नट एका व्हॅनमधून टीव्हीवर आला.

गोष्ट कॉमिकमधली नाही. कॉमिकमधला स्टीव्ह रॉजर्स दुसऱ्या महायुद्धातला सैनिक. इथला स्टीव्ह त्या कॅप्टनचा मुलगा. सैन्यातून बाहेर पडलेला, चित्रकार, व्हॅनमध्ये राहून देशभर भटकायचे म्हणणारा. त्याच्या बापाने शक्ती वाढवणारे रसायन बनवून ठेवले आहे, ते दुसऱ्या कुणाला मानवत नाही. मुलगा घ्यायला नाही म्हणतो. मग तो जखमी होऊन मरायला टेकतो आणि डॉक्टर ते त्याला टोचतात. आपण मदत नाकारतो आणि शेवटी ती शुद्ध हरपल्यावर घ्यावी लागते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर पटते. तेराव्या वर्षी पटले नसते. खलनायकाकडे न्यूट्रॉन बाँब आहे आणि फिनिक्स शहर धोक्यात आहे.

खरे सांगतो, सिनेमा संथ आहे. हेलिकॉप्टर उडते ते उडतच राहते. पोशाख येईपर्यंत तासभर जातो. मी मात्र खुर्चीच्या टोकावर बसलो होतो, ढालीसाठी. माझ्या मनात एक चोरटी आशा होती. ती लोखंडीच निघावी.

व्हॅनचे मागचे दार उघडले. मोटरसायकल बाहेर आली. निळे हेल्मेट. आणि हँडलच्या पुढे, वाऱ्याला अडवणाऱ्या काचेच्या जागी, गोल पारदर्शक ढाल. लाल वर्तुळे आणि मधे तारा, बाकी आरपार. मागचा रस्ता दिसत होता. गाडी थांबल्यावर त्याने ती काढून हातात घेतली.

मी डिस्क थांबवली. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती की काय झाले. काय सांगणार?

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मोटरसायकलवरच्या उड्या हा त्या दशकातला अमेरिकेचा आवडता तमाशा होता. एव्हिल कनीव्हल हा उड्या मारणारा तिथे कुठल्याही सुपरहिरोइतका प्रसिद्ध होता. हिरोला उडवायला पैसे नव्हते, मग त्याला गाडी दिली. गाडी दिली की हेल्मेट आले. आणि ढाल गाडीच्या पुढ्यात बसवायची तर ती पारदर्शकच हवी, नाहीतर चालवणाऱ्याला रस्ता दिसणार कसा? रोडवरच्या माणसाने केलेला विचार आहे तो. आमच्या गॅरेजवाल्या मित्राने शंभर टक्के पास केला असता. माझ्या कॉमिकमधली ढाल लोखंडी होती हेही खरे, पण कॉमिकमधल्या कॅप्टनला वळणावर समोरून एस.टी. येताना पाहायची नव्हती.

त्याच वर्षी २३ आणि २४ नोव्हेंबरला दुसरा भाग दोन रात्रींत दाखवला. त्यात ख्रिस्तोफर ली खलनायक आहे, ड्रॅक्युलाच्या भूमिकांनी गाजलेला. त्याच्याकडे माणसाला झपाट्याने म्हातारे करणारे रसायन असते, आणि शेवटी ते त्याच्याच अंगावर उलटते. पडद्यावर काही क्षणांत तो पिकून, सुरकुतून संपतो. स्नेहमेळाव्याच्या महिन्यात असे दृश्य एकट्याने पाहू नये, एवढेच सांगतो. या भागानंतर कॅप्टनची गोष्ट टीव्हीवर थांबली.

या सिनेमांचे नशीब पाहा. ते एका रात्रीसाठी बनवले होते. सकाळी कोणी त्यांच्याविषयी बोलले तर बोलले. ते आपल्यापर्यंत पोचले ते टेपमुळे, आणि टेपची कथा त्यांच्याहून रंजक आहे. सोनीचे बेटामॅक्स १९७५चे, जेव्हीसीचे व्हीएचएस जपानमध्ये १९७६चे. १९७६ सालीच युनिव्हर्सल आणि डिस्नी यांनी सोनीवर खटला भरला. लोक घरी बसून आमचे कार्यक्रम टेप करतात, हा आमच्या हक्कांवर घाला आहे, असे त्यांचे म्हणणे. खटला आठ वर्षे चालला. मधे वरच्या कोर्टात सोनी हरली. अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणे बेकायदा नाही. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर? गंमत अशी की ‘हल्क’, ‘स्ट्रेंज’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’ तिन्ही त्याच युनिव्हर्सलचे. ज्यांनी टेप बंद पाडायला वकील लावले, त्यांचेच सिनेमे लोकांच्या कपाटातल्या टेपांनी जपले.

आपल्याकडे १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआरचे पीक. आखातातून येणारा मामा किंवा काका म्हणजे टू-इन-वन, परफ्यूम आणि कॅसेटी. त्या कॅसेटी बहुतेक प्रतीची प्रत, तिची प्रत. चोरीच्या कॅसेटी इतक्या झाल्या की १९८४ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र दाखवणे सक्तीचे केले. म्हणजे ज्या कॅसेटवर काच्याने ती ढाल पाहिली तिच्यावर छापील वेष्टण असते, तर त्याच्याकडेही पुरावा असता. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीला कोण विचारतो? माझे पुस्तक छापील होते.

हल्कचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो, कारण त्या रात्री शेवट राहिला होता. मालिका संपल्यावर सहा वर्षांनी एनबीसीने त्याला परत आणले. १९८८च्या टेलिफिल्ममध्ये त्याच्याबरोबर थॉर होता, १९८९च्या टेलिफिल्ममध्ये आंधळा वकील डेअरडेव्हिल. या दुसऱ्या सिनेमाचे नाव ‘हल्कवरचा खटला’, पण खटला फक्त बॅनरच्या दुःस्वप्नात आहे. त्या स्वप्नातल्या ज्यूरीत मार्व्हलचे स्टॅन ली बसलेले दिसतात. पुढे प्रत्येक सिनेमात क्षणभर दिसायचा त्यांचा जो रिवाज झाला त्याची सुरुवात इथली. १८ फेब्रुवारी १९९०च्या तिसऱ्या सिनेमात हल्क विमानातून पडून मरतो. दिग्दर्शक स्वतः बिल बिक्सबी. जमिनीवर पडलेला हिरवा देह हळूहळू माणसाचा होतो आणि तो माणूस आता सुटलो म्हणतो. त्याला पुन्हा जिवंत करायचा विचार होता, तो राहून गेला. १९९३च्या नोव्हेंबरात बिक्सबी कर्करोगाने गेले. वय ५९. हा शेवट पाहिला तेव्हा त्या सतरंजीवरचे कोण कोण आज नाही हे मनात आल्याशिवाय राहिले नाही. दोघे. नावे तुम्हांला माहीत आहेत, आणि एक जण तोच, ज्याने नोटेने हेड पुसले होते.

डिस्क पाहून झाल्यावर आठवडाभर मी टाळले. मग काच्याला फोन केला. हवापाण्याचे झाल्यावर म्हटले, “अरे, तो कॅप्टन अमेरिका पाहिला. ढाल आरपार दिसते. तुझं बरोबर होतं.”

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “कुठली ढाल?”

मी निबंधाची आठवण दिली. सिनेमा त्याला आठवत नव्हता. मोटरसायकल अंधुक आठवत होती. मामा आठवत होता, तो गेला त्याला बरीच वर्षे झाली. मग जरा थांबून त्याने सांगितले, “दहापैकी तीन मिळाले होते. खाली लिहिलं होतं, ‘पाहिलेले लिहावे, कल्पनेतले नको.’ आई म्हणाली, बाईंची माफी माग. मी मागितली.”

हे मला माहीत नव्हते. आपल्यापैकी कुणालाच नसावे. मी आडतीस-चाळीस वर्षे त्याला काच्या म्हणत आलो आणि तो ओ देत आला. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “सोड रे. येताना ती सीडी घेऊन ये. मुलाला दाखवतो, तोही मला थापाड्याच म्हणतो.”

बाई मेळाव्याला येणार आहेत असे कळले आहे. त्यांनाही मी भेटून सांगणार आहे की पुरावा मीच आणला होता आणि तो दुसऱ्याच ढालीचा होता.

डिस्क सोबत आणतो आहे. शनिवारी रात्री जेवणानंतर चित्रकलेच्या वर्गात प्रोजेक्टर लावायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. ढाल तासाभराने येते, तोवर कोणी घरी जाऊ नये. आणि मधेमधे पडदा काळा होईल तेव्हा कृपया कोणी नोट काढू नये.